आक्काच्या शेतातला खांब

मुकादम, तुमची नात परवा घरी आली होती. धाकट्याची मुलगी. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यावर दोनतीन वर्षांनी जन्मलेली. दार उघडंच होतं, तरी मी ‘ये’ म्हणेपर्यंत तिनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही, आणि आपण कोण हे तिनं सांगायच्या आधीच मला तुमची आठवण झाली. आपल्याच खात्यात लागली आहे. मुकादम म्हणून नव्हे हो, इंजिनियर म्हणून, मी लागलो होतो तसल्याच जागेवर. पहिलं काम तिला रस्त्याच्या दुरुस्तीचं मिळालंय आणि त्यासाठी लगतच्या एका शेतातली माती घ्यायची आहे. ‘बाबा सांगतात, तुम्ही आणि आजोबांनी असली पुष्कळ कामं केली, म्हणून विचारायला आले,’ म्हणाली. चहा घेतला, दोनेक तास बसली, तीन गोष्टी विचारल्या. दोहोंची उत्तरं मी खरी दिली. तिसरीचं काय केलं ते सांगायला हे पत्र. आमच्या हिला कळलं तर म्हणेल, मेलेल्या माणसाला पत्रं लिहिण्यापेक्षा जिवंत माणसांचे फोन तरी उचलत जा. तिचं बरोबर आहे. पण ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, आणि जिवंत माणसासमोर सांगायची माझी छाती नाही.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा मला बाविसावं चालू होतं. दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली होती आणि दुष्काळात लोकांनी खडी फोडून केलेले रस्ते सांभाळायचं काम आपल्या गळ्यात आलं होतं. सोलापुरात आमचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, दोन खोल्या, त्यातली एक मागाची. शेत मी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. आमच्या घरी जमिनीत खणलेली एकच जागा होती, मागाखालचा खड्डा. त्यात पाय सोडून वडील दिवसभर विणत बसत. त्यांनी माझ्या नोकरीच्या आनंदात मला नवे बूट घेऊन दिले होते. ते घालून मी अक्कलकोटच्या रस्त्यावर तुमच्या चौकीपुढं उतरलो, तेव्हा तुम्ही आधी बुटांकडं बघितलंत, मग माझ्याकडं. ‘सायेब, बूट लई चांगलं हायती,’ म्हणालात. ‘घरी ठिवा.’ मला राग आला होता. आठवडाभरात काळ्या मातीच्या चिखलात एका बुटाचा तळ राहिला, तेव्हा कुठं तुमचं म्हणणं पटलं.

ती चौकी मला अजून जशीच्या तशी दिसते. खात्याच्या दोन दगडी खोल्या, मागं लिंब, लिंबाखाली टोपल्या, फावडी, टिकाव, डांबराचं एक फुटकं पिंप, त्यात कोंबडी अंडी घालते. आत चुलीपुढं तुमच्या घरच्या, आम्हा सगळ्यांच्या मावशी, बसलेल्या असत. पहिल्या दिवशी मी माझा डबा घेऊन जरा बाजूला बसलो, साहेबानं बसावं तसा. मावशींनी उठून माझा डबा उचलला, झाकण काढून आतला भात बघितला, ‘ह्यानं काय हुतंय’ म्हणाल्या आणि माझ्यापुढं ताट ठेवलं. ज्वारीच्या दोन भाकरी, शेंगाची चटणी, चटणीत खड्डा करून त्यात तेल. त्यानंतर तीन वर्षं मी डबा नेला नाही. आईला वाटायचं, पोरगं सरकारी खानावळीत जेवतं.

जेवण झालं की तुम्ही मला रस्ता चालवायचात. पोटात दोन भाकरी आणि डोक्यावर ऊन घेऊन चार मैल. ‘हितं पानी कुटनं येतं बगा,’ असं विचारायचात, आणि मी नकाशा उघडला की नकाशा मिटायला लावायचात. पाऊस आला की आडोशाला पळू द्यायचा नाहीत. मोरीच्या तोंडाशी उभं करून पाणी कुठून शिरतं, कुठं वळतं ते बघायला लावायचात. तुमच्या हातात ती बाभळीची काठी असे, फुटाफुटावर खूण कापलेली. मी डबीतून टेप ओढेपर्यंत तुमचं काठीनं मोजून झालेलं असायचं. कॉलेजात मला तीन वर्षं शिकवलं त्यांची नावं आता आठवत नाहीत. तुमचं खाकरणंसुद्धा आठवतं.

ते खाकरणं बांधावरचं. रस्त्याच्या कायद्यातलं ते कलम मला तेव्हा तोंडपाठ होतं. दुरुस्तीसाठी लगतच्या खाजगी जमिनीत शिरता येतं, माती, मुरूम, दगड घेता येतो, सामान टाकता येतं, मोरीचं काम चालू असेल तर गाड्यांसाठी शेतातून तात्पुरती वाट काढता येते. आधी नोटीस द्यायची, काम झाल्यावर जमीन होती तशी करून द्यायची, नुकसान झालं तर भरपाई. आणि मालकानं नको म्हटलं तरी हे करता येतं. खरं सांगायचं तर त्यातलं हे शेवटचं मला फार आवडायचं. आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाच्या नको म्हणण्याला न जुमानण्याचा अधिकार मिळालेला मी पहिलाच.

त्या साली उत्तरा नक्षत्राच्या पावसात नाल्याला पूर आला आणि मोरीला लागून असलेला रस्त्याचा भराव वाहून गेला. एसटी बंद, गाड्या चार कोस वळसा घालून. भरावाला माती हवी होती आणि जवळची चांगली माती आक्काच्या शेतात. पन्नाशीची बाई, नवरा नाही, मुलगा सोलापुरात गिरणीत. चार एकर ती एकटी बघायची. मी बांधावरून उडी मारून आत गेलो आणि उभ्या उभ्या नोटीस मोठ्यानं वाचली, कलमाच्या आकड्यासकट. आक्का ऐकत राहिली. मग तुमच्याकडं बघून कानडीत काहीतरी म्हणाली, आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. परत येताना मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलंत, ‘ती म्हनली, ह्यो तार घिऊन आलाय का? कोन मेलंय?’

मी फुगून बसलो. तेव्हा तुम्ही मला झापलंत. आवाज चढवून नव्हे, चालता चालता, काठीनं रस्त्यावरचा एक दगड बाजूला सारत. ‘सायेब, कागद खिशात ऱ्हाऊ द्या. आदी रामराम. मानसानं बांदावर थांबावं, खाकरावं, ती या म्हनली की मगच पाय टाकावा.’ मी म्हणालो, मुकादम, तिनं नाही म्हटलं तरी आपल्याला जाता येतं, मग विचारायचं कशाला? तुम्ही थांबलात. ‘तिला न्हाय म्हनता येत न्हाय, म्हनून तर इचारायचं,’ म्हणालात. एवढंच बोललात आणि पुढं चालू लागलात.

दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा गेलो. तुम्ही बांधाअलीकडं वहाणा काढल्यात, खाकरलात आणि आभाळाकडं बघत उभे राहिलात. मीही माझे बूट काढून हातात धरून उभा, बावळटासारखा. आक्का शेताच्या दुसऱ्या टोकाला होती. ती हातातलं काम पुरं करून, सावकाश चालत आली आणि ‘बर्री, कूड्री’ म्हणाली, म्हणजे या, बसा. गूळ-पाणी दिलं. मग मला उद्देशून मराठीत म्हणाली, ‘ह्या रस्त्याची खडी मी फोडली हाय, दुस्काळात. रस्ता माजाबी हाय की. माती न्या. पर दीड फुटाच्या खाली जायचं न्हाय. खाली पांढरी हाय, तिच्यात जुंधळा येत न्हाय. आनि हस्ताच्या आदी मला रान मोकळं पायजे, पेरायचंय.’ नोटिशीत मी दीड फूटच लिहिलं होतं. तरी तुम्ही मला तिच्या तोंडावर ते पुन्हा म्हणायला लावलंत. मी म्हणालो, दीड फूट.

आणि मग तुम्ही तो खांब आखलात. नातीला हे मी फार रंगवून सांगितलं, कारण आता कुणी असं करत नाही. शेतातली माती काढायची तर मधोमध हातभर जागा न खणता सोडायची. भोवतीनं खणत गेलं की तिथं मूळ जमिनीचा खांब उभा राहतो. वरचं गवतसुद्धा तसंच. किती खोल गेलो याला तो साक्षी. मालकासमोर मोजमाप झालं की मगच तो पाडायचा. तुम्ही आक्काला तिथं उभं केलंत आणि म्हणालात, ‘आक्का, ह्यो हाय तवर तुजी जमीन कुटं हुती त्ये कुनालाबी दिसंल. तुज्यासमोर मोजल्याबिगर ह्याला हात लावू देनार न्हाय. सबूद हाय माजा.’ आक्कानं एक दगड धुऊन आणला, त्याला हळदकुंकू लावून खांबाच्या जागेवर ठेवला आणि भोवती मूठभर ज्वारी टाकली. मला त्याची गंमत वाटली. चारपाच दिवसांनी खड्डा गुडघाभर झाला आणि मधल्या खांबावर त्या ज्वारीला कोंब आले, हिरवेगार, बोटभर. गँगमधली माणसं येताजाता त्याच्याकडं बघून हसत, पण टोपली घेऊन जाताना त्याला वळसा घालून जात.

आता माझी चूक. भरावाला किती माती लागेल याचा हिशेब मी केला होता. वाहून गेलेली जागा मोजली, लांबी-रुंदी-उंची, गुणाकार बरोबर. पण टाकलेली माती दबते, बसते, म्हणून जास्तीची धरावी लागते, हे मी विसरलो. पहिल्याच वर्षाच्या पोराला विचारलं तरी सांगेल अशी गोष्ट. तुम्ही एकदा म्हणालाही होतात, ‘सायेब, माती बसती की.’ मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दीड फूट संपलं आणि भराव अजून छातीएवढा कमी. रीतीनं जायचं तर शेजारच्या पट्ट्यासाठी नवी नोटीस काढायला हवी होती, पुन्हा बांधावर थांबायला हवं होतं, आणि डेप्युटीसाहेबांना सांगायला हवं होतं की माझा हिशेब चुकला. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. मी गँगला सांगितलं, आहे त्याच पट्ट्यात खाली जा.

तुम्ही मला बाजूला घेऊन दोनदा सांगितलंत, ‘खाली जाऊ नगा, पांढरी लागंल.’ मी म्हणालो, रस्ता आठ दिवसांत खुला करायचाय, लोकांचे हाल होताहेत. ते खरंही होतं. पण माझी रात्रीची झोप उडाली होती ती काही लोकांच्या हालांनी नव्हे. तीन दिवसांत भराव पुरा झाला. वरची काढून ठेवलेली काळी माती तुम्ही पुन्हा पसरायला लावलीत, पण ती पातळ पडली, मधून मधून पांढरं दिसायला लागलं. मी कडा तासून उतार करून घेतले. ते शेत आधीच नाल्याकडं उतरतं होतं. उतारात उतार मिसळला की मूळ जमीन कुठं होती हे डोळ्यांना कळेना. कळत होतं ते एकाच गोष्टीवरून. मधोमध तो खांब उभा होता, कमरेपर्यंत, डोक्यावर कोंब घेऊन. आणि डेप्युटीसाहेब दुसऱ्या दिवशी मोजमापाला येणार होते.

दुपारची वेळ. गँग लिंबाखाली भाकरी सोडून बसलेली. शेतात तुम्ही आणि मी. ऊन लख्ख, आभाळात ढग नाही. मी म्हणतो, ‘मुकादम, तो खांब पाडून टाका.’

‘त्यो पाडायचा न्हाय. मोजल्याबिगर न्हाय.’

‘मी सांगतोय ना.’

‘तुमी सांगा की. माज्या हातानं न्हाय हुनार. आक्काला सबूद दिलाय.’

मी म्हणालो, खात्याला अधिकार आहे. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. राग नव्हता त्या बघण्यात, मुलगा परीक्षेत नापास झाल्यावर बाप बघतो तसं बघितलंत. ‘अधिकार माती घ्यायचा हाय, सायेब. खांब पाडायचा कंच्या कलमात हाय त्ये वाचून दावा. मग पाडतो.’ कलम मला तोंडपाठ होतं, त्यात खांब कुठंच नव्हता. मी टिकाव उचलला. तेव्हा तुम्ही पुढं झालात. मला वाटलं अडवताय. पण तुम्ही काठी खांबाला लावून उभी धरलीत, कमरेचा चाकू काढून काठीवर काहीतरी खरवडलंत, आणि मग पाठ फिरवून नाल्याकडं तोंड करून उभे राहिलात. मला वाटलं, रागानं काठी तासताहेत. विणकराचा मुलगा मी, टिकाव कधी धरला नव्हता. पाचसहा घाव लागले. खांब मधून मोडला आणि दगड, कोंब सगळं माझ्या पायाशी आलं. मग मी लिंबाखाली जाऊन जेवलो. मावशींनी दिलेल्या दोन्ही भाकरी खाल्ल्या आणि एक मागून घेतली.

चारच्या सुमाराला आक्का आली. उद्या मोजमाप म्हणून आज बघायला आली होती. खड्ड्याच्या कडेला उभी राहिली, मध्ये बघितलं, मग तुमच्याकडं बघितलं. ‘माजा खांब कुटं हाय?’ मी माती वाहणाऱ्या ट्रकच्या चाकाशी वाकून उगाच काहीतरी बघत होतो. मला वाटलं, आता तुम्ही माझं नाव सांगणार. तुम्ही म्हणालात, ‘पावसानं पडला, आक्का.’ आक्कानं वर आभाळाकडं बघितलं. खाली कोरड्या ढेकळांकडं बघितलं. तुम्हाला कानडीत दोन शब्द म्हणाली. तुम्ही मान खाली घातलीत. मग ती खड्ड्यात उतरली, ढेकळांतून तो कुंकवाचा दगड शोधून काढला, पदरात बांधला आणि गेली. दुसऱ्या दिवशी डेप्युटीसाहेबांनी माझ्या तोंडच्या शब्दावर दीड फूट लिहून घेतलं. माझी नोकरी कायम झाली. आपण दोघं त्या विषयावर कधी बोललो नाही.

मला वाटलं, तुम्ही आता मला जवळ करणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ताटात नेहमीसारख्याच दोन भाकरी होत्या, चटणीत तेल होतं, आणि जेवणानंतर तुम्ही ‘चला सायेब’ म्हणालात. तुम्ही मला शिकवायचं सोडलं नाहीत, उलट जास्त शिकवलंत. पाणी, मुरूम, डांबर, माणसं. फक्त एक बदललं, आणि ते कळायलाही मला फार दिवस लागले. नंतरच्या कुठल्या शेतात तुम्ही ‘सबूद हाय माजा’ असं म्हणाला नाहीत. खांब सोडत होतात, मालकाला दाखवत होतात, पण पुढं म्हणायचात, ‘सायेबास्नी इचारा.’ मग मला शब्द द्यावा लागायचा आणि पाळावा लागायचा.

पुढच्या वर्षी थंडीत आक्काकडून चौकीवर हुरडा आला, टोपलीभर, कोवळा. लिंबाखाली आगटी पेटवून आपण भाजून खाल्ला. मावशी कणसं चोळून तळहातावर देत होत्या, शेंगाची चटणी होती, गूळ होता, आणि तुम्ही कधी नव्हे ते गाणं गुणगुणत होतात. मी विचारलं, त्या पट्ट्यातला आहे? तुम्ही म्हणालात, ‘व्हय.’ मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, बघा, काही बिघडलं नाही. पांढरी मातीबिती सगळं बायकांचं म्हणणं. मी दोन मुठी जास्त खाल्ला. आयुष्यात नंतर पुष्कळ हुरडा पार्ट्या झाल्या, साहेब झाल्यावर तर लोक गाडीनं न्यायचे, पण तशी चव पुन्हा नाही. ती चव कशाची होती हे कळल्यावरही ती वाईट झाली नाही, याचं मला नवल वाटतं.

बदली झाली तेव्हा तुम्ही मला ती काठी दिलीत. ‘टेप इसरला तर हुईल,’ म्हणालात. मी हसलो, मावशींच्या पाया पडलो, तुमच्या पाया पडायला लाजलो, आणि एसटीत चढलो. काठी प्रत्येक बदलीत माझ्याबरोबर फिरली. फुटाफुटावरच्या खुणा हाताच्या घामानं गुळगुळीत झालेल्या. एकच खूण त्यात बसत नव्हती, तीन फुटांच्या जरा वर, खोल कापलेली, बाकीच्यांपेक्षा नवी. मुलं विचारायची, ही कशाची? मी म्हणायचो, मुकादमांचा हात घसरला असेल.

तुम्ही गेल्याचं मला महिन्यानं कळलं. मी आलो तेव्हा मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून रडल्या, मग डोळे पुसून भाकरी टाकायला उठल्या, मी नको म्हणत होतो तरी. मी काठीची गोष्ट काढली, अजून आहे म्हणालो. तेव्हा त्या चुलीपुढून, माझ्याकडं न बघता बोलल्या. ‘त्या काठीनं माजी कंबर मोडली, बाबा. आक्काच्या रानात गाळ टाकलाय आमी दोगांनी. हस्तापतुर रोज सांजचं काम सुटलं की, आनि पेरा झाल्यावर म्होरल्या उन्हाळ्यात ऱ्हायलेलं. नाल्यातला गाळ, कुनाची तर गाडी मागून. काटीवर खून करून ठिवली हुती, तेवडा भरल्याबिगर सोडलं न्हाय.’ मी विचारलं, आक्का त्या दिवशी काय म्हणाली होती? मावशी तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, ‘तू सुद्दा का, म्हनली. त्ये ह्यास्नी लई लागलं.’ मावशींना बाकीचं ठाऊक होतं की नव्हतं, मला कळलं नाही. खांब कुणी पाडला हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी भाकरी खाल्ली, मुकादम.

त्यानंतर नोकरीची दहाबारा वर्षं होती. दर वेळी बांधावर थांबलो, खाकरलो, खांब ठेवायला लावले, हाताखालच्या पोरांना दमात घेऊन सांगितलं. लोक म्हणायचे, साहेब जुन्या वळणाचे आहेत. मी ते म्हणू दिलं. आक्काच्या शेतात मात्र एकदाही गेलो नाही. ती गेल्याचं कुणीतरी सांगितलं तेव्हा रजा काढून सोलापूरपर्यंत आलो आणि स्टँडवरूनच परत फिरलो.

तर तुमची नात. तिनं पहिल्यांदा विचारलं, आजोबा कसे होते? ते मी तासभर सांगितलं. दुसरं विचारलं, कोपऱ्यात उभी आहे ती काठी त्यांची का? हो म्हणालो, आणि तिच्या हातात दिली. येत्या रविवारी ती न्यायला येणार आहे. घरी विचारून नेते म्हणाली, तशीच उचलून नेली नाही. खांबाची गोष्ट तिला इतकी आवडली की म्हणाली, आता मशीननं मोजतात, पण मी माझ्या कामावर एक खांब सोडायला लावते, मालकाला दिसायला बरं. मग तिसरं विचारलं, उठता उठता, सहज. ‘आणि त्या आक्कांच्या खांबाचं पुढं काय झालं?’

काठी पुन्हा माझ्या हातात आली होती आणि अंगठा त्या खुणेवर होता. मी म्हणालो, ‘पावसानं पडला.’

ती हळहळली. जरा विचार केला आणि म्हणाली, ‘आमच्याकडंही अजून पाऊस आहे. मी खांबावर प्लास्टिक टाकून घेते.’ मी म्हणालो, हो, टाक. आणि ती गेल्यावर दार लावून बसलो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. रविवारी काठीला गुंडाळून तिच्या हातात द्यावं, असं लिहिताना दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा मी उठून पाणी पिऊन आलो. टेबलाच्या खणात आमच्या जुन्या मागाचा एक धोटा आहे, वडिलांचा, त्याच्याखाली ठेवीन. तुमचं खोटं तुम्ही माझ्यासाठी बोललात आणि गाळ वाहून भरून काढलंत. माझं मी अजून तसंच वापरतोय. पोरगी गुणाची आहे, मुकादम, तुमच्यावर गेली आहे. ती खांब सोडेल, त्याच्यावर प्लास्टिक घालेल, पावसाची वाट बघत बसेल. त्याला जपायचं ते कुणापासून, हे मी तिला सांगितलेलं नाही.